पॅनेलवरचा आकडा एकटा वाचू नका: साखर कारखान्यात नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला, बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली आणि तुमची नेमणूक थेट कंट्रोल रूममध्ये झाली. पडद्यावर शे-दीडशे आकडे हलत असतात. कॉलेजात दाबाचं एकक पास्कल शिकवलेलं असतं, पण इथे पास्कलचं नाव कुणी काढत नाही. एक जण म्हणतो ‘सदुसष्ट केजी’, दुसरा ‘अडीच अटा’, पॅनवरचा माणूस ‘सहाशे चाळीस व्हॅक्यूम’ म्हणतो आणि बॉयलरवाला ‘मायनस आठ ड्राफ्ट’. चौघंही दाबाबद्दलच बोलत असतात.

हा लेख त्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहे. उदाहरणं सहवीजनिर्मिती असलेल्या साखर कारखान्याची घेतली आहेत, कारण वाफ, व्हॅक्यूम, रस, वीज आणि वजन हे सगळं एकाच आवारात सापडतं. डेअरी, डाइंग किंवा केमिकल प्लँटमध्ये असाल तर नावं बदलतील, पद्धत तीच. ती पद्धत अशी: कोणताही आकडा खरा धरण्याआधी त्याचं एकक बघायचं, तो कशाच्या तुलनेत मोजलाय ते विचारायचं आणि शेजारच्या दुसऱ्या आकड्याशी ताडायचं. यातलं तिसरं काम बहुतेक जण करत नाहीत, म्हणून त्यावर इथे जास्त भर आहे.

पहिली पायरी: पडद्याच्या आधी पाइप

सुरुवातीचे दिवस पडद्यासमोर कमी बसा. जुन्या फिटरबरोबर लाइन चाला. ऊस मिलवर जातो, रसाचं वजन होतं, तो तापतो, चुना आणि सल्फरचा धूर घेतो, पुन्हा तापून क्लॅरिफायरमध्ये बसतो, इव्हॅपोरेटरच्या बॉड्यांमधून घट्ट होत सिरप बनतो आणि पॅनमध्ये त्याची साखर होते. दुसऱ्या अंगाने बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरला जातो, वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ त्याच रसाला उकळायला येते. हे वर्तुळ डोक्यात पक्कं बसलं की कोणत्या आकड्याचा शेजारी कोण हे आपोआप कळतं. मिल बंद पडली की पंधरा मिनिटांत पॅनवाला का ओरडतो तेही.

चालताना प्रत्येक उपकरणावरची पत्र्याची पट्टी वाचा. त्यावर पीटी-१०१, टीआयसी-२०५ असलं काहीतरी असतं, त्याला टॅग म्हणतात. पहिलं अक्षर काय मोजलंय ते सांगतं: पी दाब, टी तापमान, एफ प्रवाह, एल पातळी, ए पृथक्करण, म्हणजे पीएचसारखी मोजणी. पुढची अक्षरं उपकरण काय करतं ते सांगतात: टी ट्रान्समीटर (मोजलेला आकडा पडद्याकडे पाठवणारा), आय दाखवणारा, सी कंट्रोलर, व्ही व्हॉल्व्ह. म्हणून ‘टीटी’मधला पहिला टी तापमानाचा आणि दुसरा ट्रान्समीटरचा. पाठ करायला अर्धा तास पुरतो.

खिशात एक वही ठेवा आणि प्रत्येक टॅगसमोर पाच गोष्टी लिहा: जागा, एकक, रेंज, चालू प्लँटमधला नेहमीचा आकडा आणि त्याचा शेजारी. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहील, तो हळूहळू भरा.

दुसरी पायरी: दाब, आणि तो कशाच्या वर

दाबावर जास्त वेळ घालवा, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

‘केजी’ म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक किलो म्हणजे ०.९८ बार, साधारण १४.२ पीएसआय, ९८ किलोपास्कल, पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ किंवा पाऱ्याचा सुमारे ७३५ मिलिमीटर. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. किलो आणि बार जवळजवळ सारखे म्हणून बोलताना कुणी फरक करत नाही, आणि दोन-तीन किलोंच्या लाइनवर तो केला नाही तरी चालतं. पण ६७ किलो म्हणजे ६५.७ बार. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कामाच्या दाबाच्या थोडाच वर लावलेला असतो. तिथे एकाने किलोत आणि दुसऱ्याने बारमध्ये विचार केला तर मधली जागा या दोन टक्क्यांतच संपते.

पाण्याच्या स्तंभाचं रूपांतर रोज लागतं. दहा मीटर उंचीवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर पंपाला निव्वळ उंचीसाठी एक किलो दाब लागतो, पाइपातलं घर्षण वेगळं. उलट बाजूने, बॉयलर ड्रमचा, म्हणजे पाणी-वाफेच्या टाकीचा, प्रेशर ट्रान्समीटर टॅपिंगच्या (नळी जोडायच्या तोंडाच्या) वीस मीटर खाली बसवला असेल तर मधल्या बारीक नळीतल्या पाण्याचं वजन दोन किलो जास्त दाखवतं. कॅलिब्रेशनमध्ये ते वजा केलेलं असतं. एखाद्याने ट्रान्समीटर बदलला आणि ही वजाबाकी विसरला तर प्लँट दिवसभर दोन किलोंनी चुकीचा चालतो आणि पडद्यावर सगळं ठाकठीक दिसतं.

आता ‘कशाच्या वर’ हा प्रश्न. साधा गेज आजूबाजूच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. वाफ बंद असताना काटा शून्यावर असतो, पण आत हवेचा दाब असतोच. टर्बाइनच्या कागदांवर मात्र ‘अटा’ लिहिलेलं असतं. तो निरपेक्ष दाब, म्हणजे हवेचा दाब धरून. त्यामुळे टर्बाइनच्या ड्रॉइंगवर २.५ अटा आणि बॉइलिंग हाऊसच्या हेडरवर १.५ किलो दिसला तर वाफ कुठे मुरली म्हणून शोधत बसू नका. तीच वाफ आहे.

व्हॅक्यूममध्ये याहून मोठी गंमत आहे. पॅनवरचा व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या किती खाली आहोत ते मिलिमीटर पाऱ्यात सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे तो सुमारे ७१० च भरतो. म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यात ७१० च्या पुढे व्हॅक्यूम मिळूच शकत नाही, पंप कितीही नवा असो. आणि ६४० हाच काटा दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. कोल्हापुरात आत ७० मिलिमीटर निरपेक्ष दाब उरतो आणि पाणी ४५ अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रकाठी १२० उरतात आणि पाणी ५५ अंशांना उकळतं. पॅनमधला रस कमी तापमानाला उकळावा, साखर करपू नये, रंग चढू नये, यासाठीच तर व्हॅक्यूम लावतात. म्हणून दुसऱ्या गावाहून आलेला अनुभवी पॅनमन ‘आमच्याकडे सहाशे साठ ठेवायचो’ म्हणाला तर आकडा जसाच्या तसा उचलू नका. आतलं तापमान किती असायचं ते विचारा. माझ्या मते प्रत्येक पॅनवर निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर असायला हवा, पण जुन्या कारखान्यांत गेजचीच सवय आहे आणि ती लवकर जाणार नाही.

ड्राफ्ट हा बॉयलरच्या भट्टीतला दाब, तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. भट्टी उणे पाच ते उणे दहा मिलिमीटरवर ठेवतात, म्हणजे ज्वाळा आणि राख बाहेर न येता हवा आत ओढली जाते. पाण्याचा एक मिलिमीटर म्हणजे फक्त ९.८ पास्कल. ड्रममध्ये ६७ किलो आणि त्याच बॉयलरच्या भट्टीत एका किलोच्या हजाराव्या भागाइतका दाब, दोन्ही तितकेच महत्त्वाचे. ड्राफ्ट शून्याच्या वर गेला तर पीपहोलसमोर उभं राहू नका, आधी आयडी फॅन (भट्टीतला धूर ओढून बाहेर काढणारा पंखा) बघा.

गेज निवडायची किंवा बदलायची वेळ आली तर नेहमीचा दाब डायलच्या मधल्या भागात, साधारण अर्ध्या ते पाऊण भागात यावा. गेजची अचूकता बहुधा पूर्ण स्केलच्या टक्क्यात दिलेली असते. ०-१०० किलोच्या गेजवर एक टक्का म्हणजे सगळीकडे एक किलो. ६७ वर तो चालेल, पण तोच गेज स्टोअरमध्ये दुसरा नाही म्हणून दीड किलोच्या एक्झॉस्टवर लावला तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. वाफेच्या गेजखालचा वळलेला सायफन काढून सरळ नळीही लावू नका. त्यात साठलेलं पाणी गरम वाफेला गेजच्या आतल्या नळीपर्यंत पोचू देत नाही.

तिसरी पायरी: तापमानाला दाबाची साक्ष

तापमान मोजण्यात फारसं गूढ नाही. दोनशे-तीनशे अंशांपर्यंत बहुतेक जागी आरटीडी असतो, म्हणजे तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा सेन्सर, पीटी-१०० जातीचा (इथे पीटी म्हणजे प्लॅटिनम, टॅगवरचा दाब नव्हे): शून्य अंशांना १०० ओहम, १०० अंशांना १३८.५ ओहम. बॉयलरच्या गरम भागात थर्मोकपल. एवढं माहीत असलं की मल्टिमीटरने आरटीडी जिवंत आहे का ते दोन मिनिटांत कळतं. एक सावधगिरी: उकळत्या पाण्यात बुडवून तपासायची जुनी रीत कोल्हापूर-सांगलीकडे वापरली तर आरटीडी ९८ च्या आसपास दाखवेल. तो बरोबर आहे. त्याला ओढून-ताणून १०० वर आणू नका.

खरी मजा पुढे आहे. संपृक्त वाफेचा, म्हणजे उकळत्या पाण्याच्याच तापमानाला असलेल्या वाफेचा, दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. १० किलो गेज दाबाला सुमारे १८३ अंश, दीड किलोला १२६-१२७ अंश, ६७ किलोला सुमारे २८३ अंश. म्हणजे संपृक्त वाफेच्या प्रत्येक हेडरवर तुम्हाला फुकटचा साक्षीदार मिळतो. एक्झॉस्ट हेडरवर दीड किलो आणि तापमान ११५ दिसलं तर दोनपैकी काहीतरी खोटं आहे. गेज जास्त दाखवत असेल, आरटीडी साठलेल्या कंडेन्सेटमध्ये (वाफेच्या झालेल्या पाण्यात) बुडाला असेल, किंवा वाफेत हवा अडकली असेल. तिन्हीची दुरुस्ती वेगळी, पण काहीतरी बिघडलंय हे कळायला कुठलंही उपकरण काढावं लागलं नाही. स्टीम टेबलचं एक पान प्लॅस्टिकमध्ये घालून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

टर्बाइनकडे जाणारी वाफ मात्र सुपरहीट, म्हणजे त्याहून जास्त तापवलेली असते, ६७ किलोला ४९० अंशांच्या आसपास. तिथे दाबावरून तापमान ठरत नाही. पण एक किमान मर्यादा ठरते. दाब तोच राहून तापमान २८३ च्या दिशेने घसरायला लागलं तर वाफेबरोबर पाणी निघालंय, किंवा वाफ थंड करणारा पाण्याचा फवारा जास्त झालाय. टर्बाइनच्या पात्यांना पाणी चालत नाही, अशा वेळी शिफ्ट इंजिनिअरला लगेच सांगा.

अंशांतला फरक आणि अंश यांत गल्लत नको. १० सेल्सिअसचा फरक म्हणजे १८ फॅरनहाइटचा फरक, ५० नव्हे. फरकात ३२ मिळवायचे नसतात. जुन्या परदेशी मॅन्युअलमधून बेअरिंगची तापमानवाढ वाचताना हे सांभाळा.

चौथी पायरी: लेव्हल, म्हणजे कशाचे टक्के

लेव्हल पडद्यावर टक्क्यात येते आणि टक्का हे एकक नाही. ड्रम लेव्हल ५० टक्के म्हणजे ड्रम अर्धा भरलाय असं नाही, तर ट्रान्समीटरच्या वरच्या-खालच्या दोन टॅपिंगच्या बरोबर मध्ये पाणी आहे. त्या टॅपिंगच्या वर काय चाललंय आणि खाली काय, हे त्या ट्रान्समीटरला दिसतच नाही.

शिवाय तो बहुधा लेव्हल मोजतच नाही, पाण्याचं वजन मोजतो आणि घनता धरून उंची सांगतो. ६७ किलोच्या ड्रममधलं गरम पाणी घनमीटरला साधारण ७५० किलो भरतं, थंड पाणी १,०००. म्हणून बॉयलर थंड असताना, भरताना आणि पेटवताना पडद्यावरचा आकडा घनतेची दुरुस्ती नसेल तर विश्वासाचा नाही, तेव्हा गेज ग्लास, म्हणजे ड्रमवरची पातळी दाखवणारी काच, बघा. चालू बॉयलरमध्ये गेज ग्लासही ड्रमपेक्षा थोडी कमी पातळी दाखवते, कारण काचेतलं पाणी ड्रममधल्यापेक्षा थंड आणि म्हणून जड असतं.

अमेरिकेत टेक्साससिटीच्या बीपी रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी नेमकं हेच घडलं. सुमारे ५२ मीटर उंच मनोऱ्यात द्रव भरला जात होता. लेव्हल ट्रान्समीटर फक्त तळाचा थोडा भाग मोजायचा आणि त्याचं कॅलिब्रेशन वेगळ्या घनतेवर झालं होतं. द्रव ४५ मीटरच्या वर चढला तेव्हाही पडद्यावर अडीच मीटरच्या आतला, हळूहळू उतरणारा आकडा होता. काचेतून बघायची सोय होती, पण काच मळलेली होती. द्रव ओसंडला, आग लागली, १५ माणसं मेली आणि १८० जखमी झाली. या घटनेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वेगळाच आहे. तासन्‌तास मनोऱ्यात द्रव जात होता आणि बाहेर जवळजवळ काहीच येत नव्हतं. आत जाणारा प्रवाह आणि बाहेर येणारा प्रवाह हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर लेव्हल ट्रान्समीटर खोटं बोलतोय हे ओरडून सांगावं लागलं नसतं.

ड्रमबद्दल एक उलटी गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रमचा दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर जाते. पडद्यावर ६५ टक्के बघून हात आपसूक फीड वॉटर कमी करायला जातो. पण पाणी प्रत्यक्षात कमी होत असतं. मिनिटभरात फुगवटा बसतो आणि लेव्हल धाडकन खाली येते. मिल चोक होऊन वाफेची मागणी तुटली की उलट होतं: दाब चढतो, बुडबुडे आवळतात, लेव्हल पडल्यासारखी दिसते. म्हणून मोठ्या बॉयलरवर कंट्रोलर तीन आकडे एकत्र बघतो: ड्रम लेव्हल, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी. मॅन्युअलवर असाल तर तुम्हीही तिन्ही बघा. वाफ ताशी ९० टन जातेय आणि पाणी ७० टन येतंय, तर लेव्हलचा आकडा काहीही म्हणो, पाणी कमी होतंय.

पाचवी पायरी: प्रवाह आणि वजन

पाणी घनमीटर प्रतितास, वाफ टन प्रतितास, कॉम्प्रेसरची हवा सीएफएम, म्हणजे घनफूट प्रतिमिनिट. एक सीएफएम म्हणजे १.७ घनमीटर प्रतितास. हवेच्या घनमीटरपुढे ‘नॉर्मल’ लिहिलं असेल तर तो शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणून मोजलेला आहे, पाइपातला प्रत्यक्ष आकारमान वेगळा.

वाफेचा प्रवाह बहुतेक ठिकाणी ऑरिफिसने मोजतात, म्हणजे पाइपात भोकाची चकती आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फरक पाव झाला तर प्रवाह अर्धा होतो. फरक एक टक्का उरला तरी प्रवाह दहा टक्के असतो, म्हणून तळाच्या चौथ्या भागातले आकडे फारसे मनावर घेऊ नका. वर्गमूळ एकदाच काढायचं असतं, ट्रान्समीटरमध्ये किंवा संगणकात. दोन्हीकडे काढलं तर ५० चा प्रवाह ७१ दिसतो, कुठेच काढलं नाही तर २५. आणि शंभर टक्के प्रवाहाला तिन्ही प्रकारांत शंभरच दिसतो, त्यामुळे भर हंगामात पूर्ण भारावर ही चूक लपून राहते. हंगामाच्या सुरुवातीला प्लँट अर्ध्या भारावर असतो, तेव्हाच तपासा.

वाफेची घनता दाबावर अवलंबून असल्यामुळे मीटरला दाब आणि तापमानाची दुरुस्ती लागते. ६७ किलोसाठी बसवलेला मीटर दुरुस्तीविना ६० किलोवर चालला तर पाच-सहा टक्के जास्त वाफ दाखवतो. त्यावरून पॅनवाले वाफ खातात की बॉयलरवाले कमी देतात, यावर वाद झडतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

क्षमता टीसीडीत सांगतात, म्हणजे दिवसाला किती टन ऊस गाळप. ५,००० टीसीडी २४ तासांवर ताशी २०८ टन होतात. काही ठिकाणी दिवसाचे २२ तास धरतात, मग २२७. सुरुवातीलाच विचारून घ्या.

इथेही शेजारी शोधा. मिलमध्ये जे आत जातं तेच बाहेर येतं: ऊस अधिक वरून मारलेलं पाणी बरोबर रस अधिक बगॅस. ताशी २०० टन ऊस, ६० टन पाणी आणि ५८ टन बगॅस असेल तर रस २०२ टनांच्या आसपास यायला हवा. रसाचा मीटर १८५ दाखवतोय तर मीटर बघा, किंवा रस कुठे वाहून जातोय ते बघा.

गेटवरच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याचा डोळा असतो, काटामारीच्या तक्रारी होतात, वैधमापन शास्त्र खात्याची मोहोर असते. आतल्या शेकडो मीटरांवर असा कुणाचाच डोळा नसतो, आपल्याशिवाय.

सहावी पायरी: पीएच आणि ब्रिक्स

पीएचचं स्केल सरळ नाही. एक अंक म्हणजे दहापट, ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट. स्वच्छ रसाचा पीएच ७ च्या जवळ ठेवतात. खाली गेला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, म्हणजे उतारा जातो. वर गेला तर रंग चढतो. इलेक्ट्रोडवर चुन्याची पुटं बसतात आणि आकडा सुस्त होतो. चुना कमी-जास्त केल्यावर आकडा मिनिटभरात हलला नाही तर आधी इलेक्ट्रोड धुवा. त्याचा शेजारी म्हणजे प्रयोगशाळेतला पीएच, तोही ताज्या नमुन्याचा.

ब्रिक्स म्हणजे वजनाने शंभर भागांत विरघळलेला घन भाग किती. मिश्र रस १३ ते १५, सिरप ६० च्या आसपास. तापमानाची दुरुस्ती न केलेला ब्रिक्स वहीत लिहू नका.

सातवी पायरी: उपकरणापासून पडद्यापर्यंत

ट्रान्समीटर मोजलेली राशी ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये पाठवतो. ४ म्हणजे रेंजची सुरुवात, १२ म्हणजे निम्मा, २० म्हणजे टोक. सुरुवात शून्यावर नसून ४ वर आहे ती मुद्दाम: वायर तुटली की करंट शून्य होतो आणि ‘दाब शून्य’ व ‘वायर तुटली’ यांतला फरक कळतो. गणित सोपं आहे. मिलिअँपिअरमधून ४ वजा करा, १६ ने भागा, रेंजच्या रुंदीने गुणा आणि खालचं टोक मिळवा. ०-१०० किलोच्या ट्रान्समीटरवर १४.७२ मिलिअँपिअर म्हणजे ६७ किलो.

आता त्याच ट्रान्समीटरची रेंज संगणकात चुकून ०-१२० भरली असेल तर पडद्यावर ८०.४ दिसेल. करंट बरोबर, ट्रान्समीटर बरोबर, आकडा खोटा. उपकरण बदललं की दोन्हीकडची रेंज जुळते का, हे मल्टिमीटर लावून स्वतः बघा. व्हॅक्यूमच्या ट्रान्समीटरला ४ मिलिअँपिअर म्हणजे पूर्ण व्हॅक्यूम की मोकळी हवा, हेही वहीत लिहून ठेवा. दोन्ही पद्धती चालू आहेत.

आठवी पायरी: जे सांगितलं आणि जे झालं

कंट्रोलरच्या चौकटीत तीन आकडे असतात. सेट पॉइंट, म्हणजे काय हवंय. पीव्ही, म्हणजे काय आहे. आउटपुट, म्हणजे व्हॉल्व्हला काय हुकूम दिला. नवखे आउटपुट ४० टक्के बघून ‘व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा आहे’ असं सांगतात. तो फक्त हुकूम आहे. हवेची लाइन निसटली असेल, स्टेम अडकला असेल, व्हॉल्व्ह जागेवरच असेल. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम गेला एवढंच सांगत होता, आणि लोकांनी तो बंद झाला असं धरलं. व्हॉल्व्हचा शेजारी म्हणजे पुढच्या पाइपातला प्रवाह किंवा तापमान. त्याला विचारा, नाहीतर माणूस पाठवून स्टेम बघा.

हवा गेली तर कोणता व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कोणता बंद, हेही वहीत हवं. हवा जाईल तेव्हा ते शोधायला वेळ मिळणार नाही.

नववी पायरी: लॉगबुक आणि पाळीची देवाणघेवाण

दर तासाला आकडे भरताना मागच्या ओळीवरून उतरवू नका. सलग सहा तास तोच आकडा, दशांशासकट, दिसला तर एक तर ट्रान्समीटर गोठलाय किंवा लिहिणारा झोपलाय. खरा प्रक्रियेतला आकडा थोडा तरी हलतो. त्यामुळे चुकलेल्या आकड्यापेक्षा सरळ रेषेचा संशय जास्त घ्या.

‘एक्झॉस्ट कमी, व्हॅक्यूम ठीक’ असली नोंद पुढच्या पाळीला काही सांगत नाही. ‘३.२० वाजता एक्झॉस्ट हेडर १.५ वरून १.१ किलो गेज, तापमान १२६ वरून १२१, म्हणजे गेज बरोबर. मिल चोक होती, ३.४५ ला सुरू. पॅन ३ व्हॅक्यूम ६४०, आतलं तापमान नेहमीपेक्षा ४ अंश जास्त, कंडेन्सरचं पाणी तपासायचं राहिलंय’ अशी नोंद वाचून नवा माणूस थेट कामाला लागतो.

एखादा ट्रान्समीटर तपासायला काढायचा असेल तर आधी पॅनेलवरच्या माणसाला सांगा. तो संबंधित कंट्रोलर मॅन्युअलवर घेईल. त्या आकड्यावर ट्रिप, म्हणजे यंत्र आपोआप बंद करणारी सोय, लागलेला असेल तर तो बायपास करण्यासाठी शिफ्ट इंजिनिअरची लेखी परवानगी घ्या, वेळ लिहा, आणि काम झाल्यावर बायपास काढल्याची वेळ त्याच ओळीत पुढे लिहा.